पहिल्या नंबरची घागर

निवृत्ती सोनकांबळे गुरुजींचा भुतांवर विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट भुतांनाही कळवलेली आहे अशा थाटात ते वावरत. जिल्हा परिषदेच्या शाळांतून विज्ञान शिकवताना त्यांनी तळहातावर कापूर जाळून दाखवला होता, करणीच्या नारळातून केस कसे निघतात ते चारचौघांत उघड केलं होतं, आणि शिरूर अनंतपाळच्या बाजारात अंगात आलेल्या एका बाईला त्रैराशिकाचं गणित घातलं होतं. गणित न सोडवताच बाई शुद्धीवर आली. घरात भिंतीवर बाबासाहेब, शेजारी चौकटीत बावीस प्रतिज्ञा. त्यामुळे सेवानिवृत्तीनंतर त्यांनी नांदेडहून जुनी डिझेल पिकअप घेतली, तेव्हा विकणाऱ्या किशनरावानं बंपरला बांधलेलं लिंबू-मिरची त्यांनी त्याच्यादेखतच सोडून घेतलं. लिंबू सरबताला, मिरच्या ठेच्याला.

"राहू द्या की गुरुजी," किशनराव म्हणाला. जुन्या गाड्यांच्या धंद्यात त्याचे केस पिकले होते. "नव्या गाडीला नजर लागती. जुनीला…"

"जुनीला काय लागतं?"

"जुनीला डिझेल लागतं," किशनराव म्हणाला आणि चहा सांगायला उठला.

चहावर गाडीला आधी काय करायचं यावर चर्चा झाली. किशनरावाचं म्हणणं, आधी गाणी वाजवायची पेटी, मग सीट कव्हर, मग पुढं निळे दिवे; गिऱ्हाईक गाडीकडं बघतं, खालच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडं न्हाई. फोनवर गुरुजींच्या बायकोचं, शिवकांताबाईंचं म्हणणं, आधी पाण्याची टाकी बसवून आणा. तो दुष्काळाचा उन्हाळा होता; लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं, आणि शिरूरच्या नळातून जे येत होतं त्याला गुरुजी वर्गात वायुरूप म्हणाले असते. पण गुरुजींचा क्रम शास्त्रशुद्ध होता. आधी गाडी थांबली पाहिजे, म्हणजे ब्रेक. मग पेलली पाहिजे, म्हणजे मागचे पाटे. मग पळली पाहिजे, म्हणजे टायर. टाकी शेवटी.

"आणि हॉर्न?" त्यांनी विचारलं.

"हॉर्नला हात लावायचं काम न्हाई," किशनराव म्हणाला. "कडक हाय. लांबून वळखू येतो."

ते वाक्य गुरुजींनी तेव्हा गुणवर्णन म्हणून घेतलं.

लोहा मागं टाकून अहमदपूरच्या रस्त्याला लागल्यावर खडकमाळ नावाची एक वस्ती लागते. वीसेक पत्र्याची घरं, एक बाभूळ, आणि हापसा, ज्याच्या दांड्याला आता शेळी बांधतात. तीच शेळी सुटून रस्त्यात आली म्हणून गुरुजींनी हॉर्न दिला. हॉर्न दुसुरी होता. आधी खाली, मग वर, एखादी म्हैस दुरून हाक मारावी तसा.

शेळी हलली नाही. घरांतून बाया निघाल्या. पळत नाहीत, बोलत नाहीत. एकेकीनं आपली घागर रस्त्याच्या कडेला आणून ठेवली, एकामागं एक, आणि प्रत्येकजण आपल्या घागरीमागं उभी राहिली. गुरुजींनी आयुष्यभर पोरांना रांगेत उभं केलं होतं. इतकी सरळ रांग त्यांना कधी जमली नव्हती.

रांगेत सगळ्यात पुढं एक पोचे पडलेली पितळी घागर होती. तिच्यामागं मात्र कुणी नव्हतं.

एक म्हातारी खिडकीशी आली. नाव सरजाबाई, हे तिनं न विचारता सांगितलं. "लई दिसांनी आली गाडी."

"मावशी, चुकताय. मी आजच घेतली ही गाडी."

"हाव, ठावं हाय. गाडी शेषेरावची. त्यो मेला की."

शेषेराव इथलाच. रोज कुठून कुठून टाकी भरून आणायचा, इथं यायचा, हॉर्न द्यायचा. पितळी घागर त्याच्या घरची. नंबराला कायम पहिली, पण गडी भरायचा शेवटी. आधी तुमी घ्या म्हणायचा. एके दिवशी आला आणि हॉर्न दिला तो देतच राहिला. बायांना वाटलं, घाईत हाय. मागची तोटी सोडून सगळ्यांनी चटाचटा भरून घेतलं, टाकी कोरडी केली. मग सरजाबाई पुढं बघायला गेली. शेषेराव हॉर्नवर डोकं टेकून बसला होता, आणि दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"समद्यांचं भरलं," सरजाबाई म्हणाली. "त्याची तेवढी राह्यली."

"फार वाईट झालं," गुरुजी म्हणाले. "पण गाडी रिकामी आहे. टाकीच नाही."

"दिसतंय. इकणाऱ्यानं येगळी इकली. मंग कधी आनता?"

"बघू," गुरुजी म्हणाले. मराठवाड्यात हा शब्द होकारही नाही आणि नकारही नाही. त्यावर कैक योजना वर्षानुवर्षं चाललेल्या आहेत.

"शेषेरावबी पयल्यांदा बघूच म्हनला व्हता," सरजाबाई म्हणाली आणि शेळी ओढून घेतली.

घरी आल्यावर गुरुजींनी यातलं थोडंच सांगितलं. भुताचं काही नव्हतंच सांगण्यासारखं. आवाज ऐकला, सवयीनं आल्या. घंटा वाजली की पोरं उठतात, तसं. पण रात्रभर त्यांच्या कानात तो हॉर्न खालून वर चढत राहिला, आणि सकाळी त्यांनी शिरूरच्याच गॅरेजात तो काढून नवा, पिपाणीसारखा बसवून घेतला. ब्रेक, पाटे आणि टायर बाजूला राहून गाडीला पहिली सुधारणा हॉर्नची झाली.

"आवाज बिघडला व्हता का?" शिवकांताबाईंनी विचारलं.

"चांगला होता."

"मग?"

"फार चांगला होता."

ब्रेकचे लायनर बदलायला गुरुजी पुन्हा नांदेडला निघाले. खडकमाळजवळ त्यांनी नवा हॉर्नसुद्धा दिला नाही. तरी घागरी लागलेल्या होत्या. बाया उभ्या होत्या. कुणी हात केला नाही, कुणी गाडी अडवली नाही. नुसत्या माना गाडीबरोबर वळत गेल्या. पुढं ती पितळी, तिच्यामागं मोकळी जागा. गुरुजींनी आरशात बघितलं. ती मोकळी जागा आरशातही मोकळीच होती, याचं त्यांना जरा जास्तच बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

प्रयोगाचा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी तशीच ठेवायची. हॉर्न नाही, तर रंग. पांढरी पिकअप त्यांनी शिरूरला ग्यानोबा पेंटरकडं निळी करायला टाकली. ग्यानोबानं मागच्या फाळक्यावर गुरुजींचं नाव, गाव, तालुका सुरेख काढलं आणि ब्रश थांबवला.

"जिल्हा कोंचा लिहू गुरुजी?"

"लातूर. दुसरा कुठला?"

"न्हाई, उदगीर जिल्हा व्हनार म्हनून राहिलेत. आपला तालुका तिकडं जातोय. समदे मला जागा सोडाय सांगतेत."

"झाला का जिल्हा?"

"झाला न्हाई. पन हाय."

गुरुजी त्याच्याकडं बघत राहिले. जो झालेला नाही पण आहे, त्याच्यासाठी सगळा तालुका आपापल्या फाळक्यावर जागा सोडत होता, आणि याला कुणी अंधश्रद्धा म्हणत नव्हतं. शेवटी ग्यानोबानं 'जि.' एवढंच लिहिलं आणि पुढं निळा रंग कोरा ठेवला.

निळी गाडी पाटे घालायला नांदेडला गेली. खडकमाळला रांग होती. टायर बदलून परत आली. रांग होती. उदगीरवरून वळसा घालून जाता आलं असतं, पण वळसा म्हणजे कबुली. गुरुजींनी सीट कव्हर बदलले, सायलेन्सर बदलला, किशनरावाची गाण्याची पेटीसुद्धा घेतली आणि भीमगीतं मोठ्यानं लावून वस्तीवरून गेले. बाया उभ्या होत्या. एका तरण्या बाईनं ताल धरलेला त्यांना दिसला, पण घागर तिनं हलवली नाही. जगात भुताचा बंदोबस्त लोक अंगाऱ्यानं करतात. गुरुजी तो सुट्या भागांनी करून राहिले होते.

एव्हाना गाडीत शेषेरावाचं म्हणावं असं इंजिन आणि सांगाडाच उरला होता. मग गुरुजींनी शेवटचा प्रयोग केला. गाडी दारात ठेवून ते एसटीनं नांदेडला निघाले.

खडकमाळ आलं. बस थांबत नाही तिथं. तरी कडेला घागरी होत्या, बाया होत्या, आणि बस पुढं सरकताना सगळ्यांच्या माना एकाच खिडकीबरोबर वळल्या. गुरुजी ज्या खिडकीशी बसले होते, त्या.

"वळखीचे हायत का?" तिकिटं देता देता कंडक्टरनं विचारलं.

"नाही," गुरुजी म्हणाले. घसा कोरडा पडला होता. कारण उन्हाळा होता.

ते नांदेडला पोचले, पण कशाला आलो ते त्यांना आठवेना. तसेच परतीच्या बसनं आले, येताना वस्तीच्या विरुद्ध बाजूला बसले आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशी त्यांनी शिवकांताबाईंना सगळं सांगितलं. आवाज बदलला, रंग बदलला, शेवटी गाडीच काढून टाकली, तरी. आता एकच गोष्ट बदलायची राहिली होती आणि ती म्हणजे ते स्वतः.

"मला हे पटत नाही," ते म्हणाले. "पटलं तर आजवर शिकवलं ते सगळं खोटं."

शिवकांताबाई भाकरी थापत होत्या. "त्या काय मागतेत?"

"पाणी."

"अन् तुमी काय काय बदललं?"

गुरुजींनी सांगितलं.

"टाकी?"

गुरुजी दारातल्या गाडीच्या रिकाम्या हौद्याकडं बघू लागले.

"अहो, बाई रांगेत उभी राहिली तर पान्यासाठी राहती. त्यात भूत कुठनं आलं? पानी द्या, घरी जातील. तुमचं शास्त्रबी शाबूत राहील."

हे इतकं शास्त्रीय होतं की गुरुजींना स्वतःला सुचलं नाही याची लाज वाटली. दोनच दिवसांत हौद्यात काळी टाकी बसली, तिला तोटी, तोटीला लांब नळी, आणि बाजूला पाणी किती उरलं ते दाखवणारी पारदर्शक काच-नळी. विकतच्या पाण्यानं टाकी भरून घेऊन ते दिवसाउजेडी खडकमाळला गेले. नवे पाटे वजन छान पेलत होते. गाडी कधी नव्हे ती आपली वाटत होती.

रांग तयार होती. गुरुजींनी हसून सगळ्यांना जय भीम केला, नळी उचलली आणि पितळी घागर ओलांडून सरजाबाईच्या घागरीत घालायला गेले.

सरजाबाईनं घागरीच्या तोंडावर तळहात ठेवला.

"नंबर हाय."

"मावशी, ती घागर ज्याची तो नाही आता."

"हाव. न्हाईच."

"मेलेला माणूस पाणी पीत नाही."

"आमीबी त्येच म्हनतो," सरजाबाई म्हणाली. "पन त्या दिशी आमी समद्यांनी भरलं. आता त्याच्या आदी आमाला घेता येत न्हाई."

गुरुजी पुढच्या घागरीकडं गेले. तिथंही तोंडावर तळहात आला. मग तिच्यामागच्या, मग तिच्याही मागच्या. रांगेच्या टोकापर्यंत वाळलेले तळहात घागरींवर बसत गेले. ओठांना चिरा पडलेल्या बाया, आणि कुणाचा हात निघेना.

गुरुजी उन्हात उभे राहिले. भरावी तर आजवर शिकवलेलं सगळं त्या पितळी घागरीत जाणार. न भरावी तर टाकीभर पाणी परत न्यायचं. त्यांनी मनाशी वाक्य जुळवलं. रांगेची शिस्त म्हणून. मृताला नव्हे, रांगेला. हे वाक्य त्यांना वर्गातही सांगता आलं असतं. त्यांनी नळी पितळी घागरीत सोडली.

घागर भरताना आवाज चढत जातो. पाणी वर येतं, आतली हवेची जागा कमी होते, सूर बारीक होत जातो. आठवीच्या मुलांना हा धडा ते डोळे मिटून घ्यायला लावून शिकवत. आवाजावरून घागर किती भरली ते सांगा, आणि पोरं सांगत.

गुरुजी ऐकत राहिले. सूर खालीच होता.

खाली असेल छिद्र, ते म्हणाले, आणि वाकून घागर एका हातानं कलती केली. तळाखालची माती कोरडी होती. दुष्काळात जमीन पाणी पिऊन टाकते, ओल वर दिसत नाही, हेही शास्त्रच. मान वळवून त्यांनी टाकीच्या काच-नळीकडं बघितलं. तिच्यातलं पाणी निम्म्याखाली गेलं होतं आणि जात होतं. रांगेत कुणाचाही तळहात हलला नव्हता.

"घाई करू नका गुरुजी," सरजाबाई हळूच म्हणाली. "लई दिसांचा ताहानेला हाय."

गुरुजींनी नळी दुसऱ्या हातात घेतली, कान घागरीजवळ नेला, आणि डोळे मिटून सूर चढायची वाट बघत उभे राहिले.