दोन बेटांवरची पोरं

रायबाच्या जपानातल्या पहिल्या पत्रात ‘आम्ही बेटावर आहोत’ असं होतं, आणि ते ऐकून साळूबाईला तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. उत्रोलीत बेट म्हणजे बांबूचं. पोरगं त्यात राहतंय म्हटल्यावर आईच्या डोळ्यांपुढे नागाशिवाय दुसरं काय येणार? शेवटी कुंडलिक मास्तरांनी समजावलं, की चहूकडून पाणी असलेली जमीन म्हणजेही बेटच, आणि जपान हा अख्खा देशच तसा आहे. लढाई संपून वर्ष होत आलं होतं, आणि त्या हरलेल्या मुलखावर पहाऱ्याला रायबाची पलटण गेली होती.

शेजारच्या सगुणाबाईचा मानसिंगही फौजेतच, पण लंकेत. लंकाही बेटच. झालं, भातखाचरात दोघींची जुंपली: कोणत्या बेटावरचं जगणं बरं? सगुणाबाईकडे रोज नवी बातमी. लंकेत घरोघर नारळ, थंडी कुणाला ठाऊक नाही, मानसिंग चांगला अंगानं भरलाय. साळूबाईकडे पत्रात येईल तेवढंच: जळालेली गावं आणि फौजेच्या उष्ट्यासाठी उभी राहणारी म्हातारी माणसं. सगळ्या बायका लंकेच्या बाजूनं. साळूबाईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

मार्गशीर्षात टपालवाला गेनबा भोरहून नवं पत्र घेऊन आला आणि मास्तरांनी ते वाचून दाखवलं. रायबाला लोकरीचा कोट मिळाला होता. एका जपानी म्हातारीनं त्याला घरी बसवून वाफाळता भात वाढला होता. आंबेमोहोराची सर नव्हती, पण आईची आठवण आली, असं त्यानं लिहिलं होतं. साळूबाईला आभाळ ठेंगणं झालं. जाता जाता तिनं गेनबाला खोचकपणे विचारलं, लंकेचं काय आलं आज?

“लंकेचं?” गेनबा म्हणाला. “दीड वरीस झालं, सगुणाक्काच्या दारात येक कागूद टाकला न्हाई म्या. रोज वाटंवर उभ्या ऱ्हात्यात बिचाऱ्या.”

म्हणजे ते नारळ, ते भरलेलं अंग, सगळं मनचंच. पण सगुणा थापा मारत नव्हती. बोलून बोलून तिनं पोराला सुखात ठेवलं होतं. आपण तिच्याशी भांडत बसलो, याची साळूबाईला लाज वाटली.

दुपारी खळ्यावर बायकांनी पत्राचं विचारलं.

“काय सांगू,” साळूबाई म्हणाली, “थंडीनं बोटं आखडल्यात म्हनं त्याची. लंकाच बरी, बायांनो. मानसिंगानं नशीब काढलं.”

कोट आणि भात तिनं गिळून टाकला. सगुणाबाई त्या दिवशी लंकेबद्दल एक अक्षर बोलली नाही.

घरी परतताना ओढ्याच्या दोन्ही काठांवर बांबूची बेटं आहेत, तिथं सगुणाबाई थांबली.

“साळू, गेनबानं सांगितलं व्हय तुला?”

साळूबाईनं मान खाली घातली.

“मग मास्तरास्नी येवढं लिवाया सांग. रायबाला म्हनावं, लंकेकडं तोंड करून येक हाळी घाल मानसिंगाला. त्या बेटावरनं ह्या बेटावर जाती का ऐकू, बग म्हनावं.”

मधे किती समुद्र आहे ते मास्तरांनी साळूबाईला नकाशावर बोट फिरवून दाखवलं होतं.

“जाती, अक्का,” ती म्हणाली. “आजच लिवाया सांगते.”