फेस मोजणाऱ्या मोजपात्राचे गाऱ्हाणे

मी एक जुने मोजपात्र आहे. काचेचे, हातभर उंच, अंगावर हजारापर्यंत आकडे आणि वर ओतायला चोच. चोचीचा कोपरा उडाला आहे, त्याबद्दल कृपया विचारू नका. जबलपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात, खनिज तेलाच्या प्रयोगशाळेत माझे आयुष्य गेले. जन्म अंबाल्याचा. इथे आल्यावर शहरात कांचघर नावाची वस्ती आहे असे कानावर आले, तेव्हा आपले नातेवाईक भेटायला येतील म्हणून मी कितीतरी दिवस दाराकडे डोळे लावून बसलो होतो. कांचघराहून रोज सायकलवर यायचे ते फक्त डोमाजी.

डोमाजी प्रयोगशाळेचे परिचर. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून इथे कारखान्यात नोकरीला आलेले. घरी पत्नी लीलाबाईंचे गुडघे दुखत, म्हणून स्वयंपाक डोमाजी करत, आणि त्यांच्या वरणाचे नाव गल्लीभर होते. त्याची युक्ती ते कोणालाही सांगत. डाळ उकळताना वर येणारा फेस चमच्याने काढत राहायचा, कारण फेस म्हणजे घाण. मला तर ते फडक्याने असे पुसत की मी टेबलावर आहे की नाही हे चाचपून बघावे लागे. इतके लाड माझे दुसऱ्या कोणी केले नाहीत, म्हणून पुढचे सांगताना मला जरा जड जाते.

नव्वद सालाच्या आसपास सुनेत्रा नावाची मुलगी संशोधनाला आली. तिचा विषय होता फेसाळणारे जड तेल. मित्रांनो, काही ठिकाणी जमिनीखालच्या खडकात डांबरासारखे घट्ट तेल अडकलेले असते आणि त्यात वायू विरघळलेला असतो. विहिरीतून तेल काढू लागले, दाब उतरला, की त्या वायूचे बुडबुडे सुटतात. पातळ तेलातून ते जेवण आटोपलेल्या पाहुण्यांसारखे लगेच निघून जातात. घट्ट तेलात मात्र त्यांना वाट सापडत नाही. ते आतच अडकतात, तेल फुगते आणि आपसूक विहिरीकडे सरकते. फेस जितका टिकेल तितके तेल जास्त हाती येते. तो किती टिकतो हे सुनेत्राला मोजायचे होते, आणि तेही माझ्यात.

दाबाच्या लोखंडी भांड्यातून ती तेल माझ्यात सोडायची. फेस आठशेच्या वर चढायचा आणि मला गुदगुल्या व्हायच्या. तो आकडा टिपून ती वर्गावर शिकवायला जायची. तासाभराने परत यावे तर फेस गायब. आठ वेळा असेच झाले. नवव्या वेळी डोमाजी नातीच्या बारशाला गेले होते, तेव्हा फेस संध्याकाळपर्यंत टिकला. तिचे मार्गदर्शक दिवाकर सर म्हणाले, नऊपैकी एकदाच घडले म्हणजे ती नोंद चुकलेली. शुक्रवारी ते स्वतः येऊन बघणार होते, आणि फेस टिकला नाही तर विषय बंद. दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार म्हणून सुनेत्रा माझ्यापुढे बसून रडली. मला फार वाईट वाटले.

मला सगळे ठाऊक होते. पण मित्रांनो, मला चोच आहे, तोंड नाही.

ती वर्गावर गेली की डोमाजी लांब दांड्याचा चमचा घेऊन येत. मॅडमना आकडा स्वच्छ दिसावा म्हणून ते निगुतीने फेस काढून एका डब्यात टाकत. डब्यात बसलेले तेल ते दारांच्या बिजागऱ्यांना घालत. त्या महिन्यात आमच्या मजल्यावरचे एकही दार कुरकुरले नाही, आणि एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही त्याचे नवल वाटले नाही.

शुक्रवारी सर आले. सुनेत्राने तेल सोडले, फेस चढला. सर आकडा वाचायला वाकले, तोच डोमाजी लगबगीने चमचा घेऊन पुढे झाले. थांबा सर, आधी वरची घाण काढून देतो, म्हणाले. सुनेत्राने त्यांचा हात धरला.

"हे काय करून राहिले, काका?"

"फेस काढून राहिलो, मॅडम. रोजच तर काढतो. काहून, चुकलं का काही?"

"तोच तर मोजून राहिली मी. दोन वर्षांपासून."

दिवाकर सर स्टुलावर बसले आणि इतके हसले की त्यांचा चष्मा घसरून माझ्यात पडता पडता वाचला. डोमाजी हसले नाहीत. त्यांनी चमचा खिशात घातला, पंखा बंद केला, दाराला आतून कडी लावली आणि माझ्यासमोर हाताची घडी घालून बसले. चहासुद्धा नाही घेतला. "अच्छा, आता कोणी हात लावून दाखवा," एवढेच म्हणाले. फेस पाच तास दहा मिनिटे टिकला. सुनेत्राचा विषय वाचला.

फेस बसला, तेल ओतून झाले, आणि डोमाजी मला नळाखाली घेऊन गेले. आठशे वीसच्या रेघेवर, फेस चढला होता तिथे, एक काळे कडे उरले होते. त्यांनी मला वर खाली सगळीकडे घासले, पण त्या कड्यापाशी आले की फडके उचलायचे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काच मळकी ठेवली आणि मला तसेच कपाटात उभे केले.

त्यांना निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. सुनेत्रा मॅडम दर दिवाळीला त्यांच्या घरी वरण खायला जातात, असे ऐकतो. कालच नवे परिचर जाडजूड ब्रश घेऊन आले आणि म्हणाले, हे काळे कडे काढून टाकतो, पाच मिनिटांचे काम आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर स्वच्छ ठेवा, पण आधी कोणाला तरी विचारा. आणि कोणी इकडे प्रयोगशाळेत येणार असाल तर त्या नव्या परिचरांना सांगा, बाकी हवे तितके घासा, आठशे वीसवर तेवढा हात लावू नका.