पूजेला बसलेली मालकीण

साईनाथचे वकील सलिल यांनी त्याचा शर्ट मागून ओढला, पण साईनाथ उभा राहिला तो राहिलाच. कल्याणच्या कोर्टात न्यायाधीशबाईंनी थेट त्यालाच प्रश्न विचारला होता.

भांडण डोंबिवलीतल्या एका गाळ्याचं होतं. थोरला भाऊ वारला तेव्हापासून तिथे साईनाथचं लेथ मशीन घरघरत होतं. वहिनीला, म्हणजे शेवंतीला, तिथे मसाल्याचं कांडप घालायचं होतं. हा म्हणे, गाळा सगळ्या घराचा. ती म्हणे, माझ्या एकटीचा. झालं, तिने दावा लावला. बरं, भांडायचं तर माणसाने धड भांडावं. पण या शहाण्याने दावा चालू असताना दसऱ्याला वहिनीलाच बोलावलं आणि मशीनच्या पूजेला बसवलं. "गाळ्याच्या मालकिणीनंच बसायचं असतं," असं चारचौघांत म्हणाला आणि वर तिच्या पाया पडला.

शेवंतीची वकील योगिनी हे ऐकून पोट धरून हसली आणि दुसऱ्याच दिवशी तिने अर्ज ठोकला. प्रतिवादीने मालकी कबूल केली आहे, आता साक्षीपुरावे कशाला? कबुलीवरूनच निकाल द्या.

"बोलायची रीत असते, मॅडम," सलिल म्हणाले. "मोठ्या वहिनीचा मान ठेवला, एवढंच."

"ते त्यांना सांगू द्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "साईनाथ, नुसता मान म्हणून बोललात, की खरं म्हणून?"

शेवंतीने पदर मुठीत धरला. याने नुसतं 'मान' म्हटलं की पुन्हा तारखांवर तारखा, आणि कांडप राहिलं बाजूला.

साईनाथने डोकं खाजवलं.

"पूजेच्या वेळी खोटं कसं बोलणार, मॅडम? गाळा वहिनीचाच. दादानं तिच्यासाठीच घेतलेला. मशीन घेऊन मी जाणार कुठं, म्हणून भांडत बसलेलो."

सलिल यांनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशबाईंनी ते शब्द टाइप करवून घेतले, साईनाथला वाचून दाखवले आणि त्याची सही घेतली. निकाल शेवंतीच्या बाजूने झाला. तिला इतका आनंद झाला की कोर्टाचं भान न राहून तिने योगिनीला मिठीच मारली. शिपायाने डोळे वटारले तरी हसू काही थांबेना. गंमत म्हणजे साईनाथचाही चेहरा खुलला होता, खरं बोलून एकदाचा मोकळा झाला होता बिचारा.

"आता ताबा कधी देताय?" न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं.

त्याच्या आधी शेवंतीच उठली.

"मॅडम, कांडपाला पुढची बाजू पुरते मला. मागं भावजींचं मशीन राहू दे."

सलिल यांचा पारा चढला.

"अहो बाई, पहिल्या तारखेपासून आम्ही दुसरं काय मागत होतो? तेव्हाच का नाही दिलंत?"

शेवंतीला त्यांच्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"तेव्हा गाळा माझा कुठं होता, साहेब? माझा झाल्याशिवाय देऊ कशी?"