पाणी न घालायचं काम

नणंदबाईंचं अंगण म्हणजे उन्हाचं माहेर. तिथे सावलीसुद्धा सावली शोधत फिरायची, आणि पाल म्हणे भिंतीवरून एकेक पाय उचलून फुंकर घालत चालायची. खोटं वाटत असेल तर पालीला विचारा. पण त्याच उन्हात बाईंनी लॅव्हेंडरची बारा झाडं अशी फुलवली होती, की जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्या रांग लावायच्या.

गुडघ्याच्या ऑपरेशनला निघताना त्यांनी धाकट्या भावजयीला बजावलं, "महिनाभर थेंबही घालायचा नाही. तीन वर्षांची झाडं आहेत, मुळं खोल गेलीत. तुझं काम एकच, काही करायचं नाही."

"एवढंच ना वन्सं?"

पण काही न करणं भावजयीच्या हातांना ठाऊकच नव्हतं. दारात आलेला पोस्टमनही तिच्याकडून पाणी प्यायल्याशिवाय सुटत नसे. दुसऱ्याच दिवशी तडकलेली माती बघून तिचा जीव कळवळला. तांब्याभर घातलं. मग रोज बादली. पानं पिवळी पडली तेव्हा तिला वाटलं, तहानलीत बिचारी. मग दोन बादल्या. पंधराव्या दिवशी एक झाड नुसत्या हात लावण्यानं उपटून आलं. मुळं काळी, कुजलेली. बाराच्या बारा गेली.

तिनं नर्सरीतून गुपचूप तशीच, तेवढ्याच उंचीची फुललेली बारा आणली, त्याच ओळीत लावली. नर्सरीवाला म्हणाला होता, "लावल्यावर पहिलं वर्ष पाणी लागतं हं. मुळं अजून वरच असतात." वन्सं येईपर्यंत तिनं ते बेतानं घातलं.

वन्सं वॉकर टेकत आल्या, त्या थेट अंगणाकडच्या खिडकीशीच बसल्या. येईल त्याला सांगायच्या, "हिनं माझा शब्द पाळला. सख्ख्या बहिणीनंही ऐकलं नसतं!" भावजयीचा जेवताना घास तोंडातच फिरत राहायचा.

"वन्सं, दुपारी जरा पडा की."

"पडलं की गुडघा ठणकतो. आणि हे बघत बसलं की बरं वाटतं गं."

वन्संची खिडकी सुटेना, रात्रीही त्या तिथेच खुर्चीत डुलक्या घ्यायच्या; पाणी घालता येईना. चौथ्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. भावजय बघत राहिली. एकदा बारा मारली होतीच. आता आणखी बारा, तीही आपली लबाडी झाकायला?

तिनं बादली भरली आणि भर उन्हात खिडकीसमोरून नेली.

"अगं, वेड लागलं का तुला? थेंबही नको म्हटलं ना!"

"वन्सं, ही तुमची नाहीत."

"मग माझी कुठायत?"

"मारली मी. पाणी घालून घालून."

वन्संनी एकेक रोप नजरेनं मोजलं.

"आणि मी चार दिवस तुझं कौतुक करत होते."

"हो."

"ऐकत होतीस?"

"हो."

वन्संनी तोंड फिरवलं. मग तिकडेच बघत म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? घाल. त्यांचा काय दोष?"

भावजय खाली बसली आणि एकेका रोपाच्या बुंध्याशी पाणी सोडत गेली. बारावं रोप झालं तरी मान वर करायचा धीर तिला झाला नाही.