विळा काढलेला तक्ता

मित्रांनो, मी एक जुना कापडी तक्ता आहे. आरोग्य उपकेंद्राच्या कपाटावर गुंडाळून पडलेलो असतो. एके काळी ब्राह्मणपुरीच्या पारावर मला टांगले की अख्खी आळी समोर बसायची.

म्हसावदच्या शिंप्याने मला शिवले आणि भूपेश पेंटरने रंगवले. प्रतिभाताई संशोधक. त्यांनी गावोगाव रक्त तपासून सिकलसेल या आजाराची पाहणी केली होती. अहवाल इंग्रजीत छापून आला, पण ज्यांचे रक्त घेतले त्यांना त्यातले काहीच ठाऊक नव्हते. ते सांगण्यासाठी मी जन्मलो.

या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. म्हणून भूपेशने माझ्यावर मोठा विळा काढला. तो फार देखणा उतरला आणि तिथेच घोटाळा झाला.

जमनाबाईंची नात भाविका सोळा वर्षांची. तिचे सांधे ठणकायचे, ती शेतातून अर्ध्यावर परतायची आणि घरी बोलणी खायची. पाहणीच्या वेळी ती मामाकडे होती, म्हणून तिचे रक्त तपासायचे राहिले. मला पारावर टांगून माहिती सांगितल्यावर ताई आठवड्याने पुन्हा आल्या, तेव्हा जमनाबाईंनी समाधानाने सांगितले की, आजार विळ्याने होतो ना, मग पोरीच्या हातातला विळाच काढून घेतलाय, आता तपासणी कशाला? शेजारच्या रमिलाबाईंनी विचारले, "मंग चारा काय दातघाई कापाना?"

चारा दातांनी कापायचा, या कल्पनेने बाया हसल्या. ताई मात्र खाली बसल्या. आजार आईवडिलांकडून येतो, वाकड्या पेशी नसेत अडकतात, पुढे रक्त पोचत नाही, असे त्यांनी पुन्हा सावकाश सांगितले. जमनाबाईंनी केळीच्या बागेकडे नजर टाकली. मग म्हणाल्या, "ठिबकनी नळीमा कचरा अटकना का पुढली केळ सुकी जास. तसंच शे का?"

तसेच होते. भूपेशने विळ्यावर रंग फासून ठिबकची नळी काढली. त्यानंतर कोणाला दोनदा सांगावे लागले नाही.

भाविकाची तपासणी झाली. आजार निघाला, औषध सुरू झाले. त्या दिवशी पारावर सगळ्यांदेखत जमनाबाई नातीला म्हणाल्या, "मी तुले कामचोर म्हनं. मन्ही चूक व्हयनी, बेटी."

आता अहवाल मोबाईलवर येतात आणि बोटाने वर सरकतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी संशोधक झाले, तर ज्याचे रक्त घ्याल त्याच्या दारी उत्तर घेऊन परत जा. आणि त्याला काय समजले, ते ऐकल्याशिवाय उठू नका.