जाळीतून आलेली रद्दी

हिरानं दाराच्या जाळीतून पाचवा पेपर बाहेर सरकवला आणि सहाव्याची घडी घालायला घेतली. जिन्यात उभ्या असलेल्या विमलाबाई एकेक पेपर ओढून घेत होत्या. त्यांच्या मागे, त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कामाला असलेली बायडाबाई पोतं उघडून बसली होती.

"अगं, दार उघड की सरळ! पोस्टात पत्रं टाकल्यासारखी रद्दी कुणी देतं का?"

"कुलूप हाय," आतून हिरा म्हणाली. "भायेरनं."

विमलाबाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. कडीला खरंच कुलूप होतं, चांगलं मुठीएवढं. बेल वाजवण्याच्या नादात त्यांचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर पहिल्या रविवारी त्या कोथरूडमधल्या सोसायट्यांतून रद्दी गोळा करायच्या. निराधार मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या त्यांच्या संस्थेला तेवढाच हातभार. या रविवारी घरी गौरी जेवायच्या होत्या, म्हणून फेरी बुधवारी दुपारवर गेली होती. एरवी या घरची वल्लरी हसतमुखानं बांधलेला गठ्ठा हातात ठेवायची, वर चहाचा आग्रह करायची. घरात अशी एक पोर आहे, हे विमलाबाईंना आज कळत होतं.

"वय काय गं तुझं?"

"धा." मग पोरीनं जीभ चावली. "न्हाई, पंधरा. पंधरा सांगायचं हाय."

"बरं. जेवलीस का?"

"बाई आल्यावर."

"आणि बाई कधी येतात?"

"सात वाजता. कदी कदी नऊ."

सातवा पेपर बाहेर आला तेव्हा तिच्या मनगटावरचा इस्त्रीच्या टोकाचा डाग दिसला. त्याच्या शेजारी तसाच एक जुना डाग होता. विमलाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. बायडाबाईनं कनवटीची गूळपोळी काढली, घडी केली आणि जाळीतून आत दिली.

विमलाबाईंनी पिशवीतून मोबाइल काढून मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. तासाभरात माणसं येतील, असं तिथल्या मुलीनं सांगितलं. मग संस्थेच्या चिटणीसांना, माधवरावांना लावला.

"अहो विमलाताई, त्या वल्लरी तर आपल्या संस्थेला त्यांच्या कंपनीची मदत मिळवून देतात! घाई नको. संध्याकाळी बसून बोलू."

"तुम्ही संध्याकाळी बसा. मी आत्ताच बसलेय," विमलाबाई म्हणाल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसल्यासुद्धा.

वॉचमननं इमानेइतबारे फोन केला असावा. पाऊण तासात वल्लरी हिंजवडीहून धापा टाकत आली. गळ्यात अजून ऑफिसचं ओळखपत्र लोंबत होतं.

"काकू, हे काय? मीटिंग सोडून आले मी. अहो, घरच्यासारखी आहे ती आमच्या!"

"घरच्या मुलीला कोंडून जाता?"

"तिच्याच काळजीपोटी ना! दिवसभर एकटी असते, दिवस कसे आलेत बघताय ना? गावाकडे खायची मारामार होती तिची. पण जाऊ दे. तुम्हाला त्रास होतोय ना? आजच गावी पाठवते तिला. माझा नवरा गाडी घेऊन निघालाय."

तिनं पर्समधून किल्ली काढली. गाडी एकदा निघाली की ही पोर पुन्हा कुणाच्या हाती लागणार नाही, हे विमलाबाईंना स्वच्छ दिसत होतं. त्यांच्या जिभेवर उत्तर तयार होतं, चाळीस वर्षं वर्ग गप्प बसवलेली जीभ ती. पण ते बाहेर पडेना.

घरच्यासारखी. तिच्याच काळजीपोटी.

सदाशिव पेठेतल्या बिऱ्हाडाला शाळेत जाताना त्यासुद्धा बाहेरून कुलूप घालायच्या. आत त्यांचं तान्हं बाळ असायचं, आणि त्याला सांभाळायला गावाकडून आणलेली नऊ वर्षांची बायडा. शेजारपाजारी हेच शब्द कौतुकानं सांगितले होते त्यांनी. पुढे तिचं लग्न लावून दिलं, लुगडं-चोळी केली, त्याचंही कौतुक झालं होतं.

वल्लरी किल्ली घेऊन पुढे झाली तशी बायडाबाई उठली. भरलेलं पोतं तिनं फरफटत दारापाशी नेलं आणि त्यावर बसून जाळीला पाठ टेकली.

"गाडीबिडी काय न्हाई. ती मान्सं येऊ द्या आदी."

"अहो मावशी, घर माझं आहे!"

"घर तुमचंच हाय. कोन नेतंय?"

उभ्या जन्मात बायडाबाई विमलाबाईंसमोर अशी बोलली नव्हती. विमलाबाई पायरीवरून उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"ऐकलंत ना ती काय म्हणाली?" त्यांचा आवाज परत आला होता. "मीही हलणार नाही."

हेल्पलाइनची दोन माणसं आणि एक महिला पोलीस आली तेव्हाच पोतं बाजूला झालं, कुलूप निघालं. वल्लरी आत सोफ्यावर बसून कुणाकुणाला फोन लावत राहिली. हिरा मात्र बाहेर येऊन थेट बायडाबाईपाशी उभी राहिली. तिच्या ओठांना अजून गूळ लागलेला होता.

"मावशी, तुमाला कसं कळलं मी हितं हाय?"

"कळलं कुटलं, बाय? रद्दीला आलो, तर तू दिसलीस." बायडाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं. "माज्या येळंला रद्दीला कुनी आलं न्हाई."

तिनं विमलाबाईंकडे पाहिलंही नाही. आवाजात राग नव्हता, गाऱ्हाणंही नव्हतं.

हिराला घेऊन ती माणसं खाली गेली. जीप फाटकाबाहेर वळेपर्यंत दोघी जिन्याच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. मग बायडाबाई वाकून पोतं खांद्यावर घेऊ लागली, तर दुसरं टोक विमलाबाईंनी धरलेलं.

"सोडा वो बाई. तुमची कंबर."

"असू दे." विमलाबाईंनी वरच्या मजल्याकडे नजर टाकली. तिथली घरं अजून राहिली होती. "बायडे, पुढच्या महिन्यापासून रविवार बंद. आपण बुधवारीच यायचं. दुपारी, घरात कुणी नसताना."

"चला मग," बायडाबाई म्हणाली, आणि पोतं मधे धरून दोघी वरचा जिना चढू लागल्या.