दोन ते तीनचे श्रोते

शहराचा आत्मा त्याच्या मनोऱ्यांत नसतो, पुतळ्यांत नसतो, न्यायालयाच्या पायऱ्यांवरही नसतो. तो असतो त्याच्या कानात, आणि तो कान कोणत्या रेडिओ केंद्राला लागला आहे यावर त्या शहराचं भवितव्य ठरतं. हे वाक्य मी सकाळी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं आणि पहिल्याच दारात खणखणीत आवाजात म्हटलं. दार उघडणाऱ्या बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "आमच्याकडे झुरळं नाहीत," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

शहरातलं सर्वोत्तम रेडिओ केंद्र कोणतं आणि का, अशी ती पाहणी होती. घरोघर जाऊन फॉर्म भरायचे. पाहणी कार्यालयाला रिकामटेकडी माणसं हवी होती, आणि चाळीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची टर उडवून मी नुकताच निवृत्त झालो होतो. पण हे झालं जगाला सांगायचं कारण. खरं कारण माझी मेहुणी.

शहरात केंद्रं पाच. त्यातलं पाचवं टायरच्या दुकानावर, दीड खोलीत. तिथे माझी मेहुणी एकोणीस वर्षं रोज दुपारी दोन ते तीन एकटी बोलते. सापडलेल्या छत्र्या, हरवलेल्या किल्ल्या, बसच्या बदललेल्या वेळा आणि मधेमधे एखादं गाणं. दुकान आणि केंद्र, दोन्हींच्या मालकाने तिला बजावलं होतं, पाहणीत आपण शेवटचे आलो तर वरची जागाही टायरांना देऊन टाकणार.

"माझं काय हो भावोजी, मी घरी बसेन," ती म्हणाली होती. "पण दोन वाजले की तोंड आपोआप उघडेल, त्याचं काय करू?"

तीन दिवसांत मी एकसष्ट घरं पालथी घातली. लोकांनी दिलखुलास मतं दिली. पहिलं केंद्र चांगलं, जाहिरातींच्या मधे गाणी लावून ते उगाच रसभंग करतात एवढंच. दुसऱ्यावरचा निवेदक स्वतःच्या विनोदाला इतका हसतो, की आपल्याला हसायला जागा उरत नाही. तिसरं केंद्र कुठे वाहनं तुंबलीत ते सांगतं. एक आजोबा ते नेमाने ऐकतात, कारण ते स्वतः कुठेच जात नाहीत. चौथ्यावर बातम्या. "आमचे हे त्याच्याशिवाय झोपतच नाहीत," एक बाई म्हणाल्या, आणि त्यांचे हे तिथेच, बसल्या जागी, पुरावा म्हणून घोरत होते.

पाचव्याचं नाव कोणी काढलं नाही. एक शिंपी तेवढा सुई थांबवून म्हणाला, "बंद झालं ना ते? चांगलं होतं. मी नाही कधी ऐकलं."

चौथ्या दिवशी मी जिने चढलो नाही. जेवणाच्या टेबलावर कोरे फॉर्म पसरले आणि पाचव्या केंद्राला श्रोते द्यायला बसलो. संध्याकाळपर्यंत बेचाळीस झाले. सरकत्या काट्यांच्या चालीने बोलणारा आवाज आवडतो म्हणून ऐकणारा एक म्हातारा घड्याळजी. बसच्या वेळा कानावर पडल्या की जिवाला बरं वाटतं अशी एक निवृत्त कंडक्टरीण. आयुष्यभर पेशंटच्या तोंडात हात घालून बोलल्यामुळे उत्तराची सवयच नसलेला एक दंतवैद्य. उगाच भरताड नको म्हणून प्रत्येकाला मी एखादं दुखणं, एखादी लकब दिली. घड्याळजीला गुडघे दिले आणि चौथा मजला. फोन नंबरांसाठी वीजबिलाचा ग्राहक क्रमांक उलटा वाचला, चष्म्याचे नंबर घेतले, कुकरच्या बुडावरचे आकडेही सोडले नाहीत.

काही रकाने मात्र मी कंटाळून एकाच फटक्यात भरले. ऐकण्याची वेळ: दोन ते तीन. घरात आणखी कोण: कोणी नाही. ऐकण्याच्या जागेचं वर्णन: खुर्ची, रेडिओ.

"माझ्या बहिणीसाठी इतकं लिहिताय," बायको कुकर परत घेऊन जाताना म्हणाली. "माझ्या रेशनकार्डाचा फॉर्म दोन वर्षं तसाच पडलाय."

फॉर्म दिल्यावर तिसऱ्या दिवशी मला कळलं, की पाहणी कार्यालयात एक तपासनीस बाई असतात आणि त्या दर पाच फॉर्मांमागे एकाला फोन करून माणूस खरा आहे का ते बघतात. सापडण्याआधी कबूल करून टाकावं, म्हणून मी त्यांच्या कार्यालयात गेलो. बाईंच्या टेबलावर माझा गठ्ठा सुटा पडला होता. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "या, बसा. तुमचं अभिनंदन करायचंय."

"माझं?"

"बेचाळीसच्या बेचाळीस भेटले. पाचात एक पुरे, पण मला थांबवेना. पहिली घंटा पुरी होत नाही तोच उचलतात हो! लिहिलंय ते शब्दन् शब्द बरोबर सांगतात. एक घड्याळजी तेवढे सव्वादोनपर्यंत उचलत नाहीत, आणि उचलतात तेव्हा धापा टाकत असतात."

मी पाणी मागितलं.

"एक गंमत आहे मात्र," बाई ग्लास सरकवत म्हणाल्या. "दोनच्या आधी लावला तर असा नंबरच नाही म्हणतात. तीननंतरही तेच. सोमवारी निकाल. तोवर काही बदलायचं असलं तर या, पण पेन्सिलीने हं. शाईची खाडाखोड मला चालत नाही."

मी जे कबूल करायला गेलो होतो, ते तसंच घेऊन परत आलो. घरी पोचतो तो मेहुणीचा फोन.

"भावोजी, लोक फोन करायला लागलेत!"

एकोणीस वर्षांत तिच्या केंद्रावर सतरा फोन आले होते. त्यातले नऊ टायरसाठी होते. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पावणेदोनला मी तो जिना चढलो. खोलीत टेबल, माइक, तांबडा दिवा आणि रबराचा वास. पलीकडच्या अर्ध्या खोलीत मालकाने आत्ताच चार टायर आणून ठेवले होते.

दोनच्या ठोक्याला फोन वाजला. मेहुणीने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"बाई, सव्वीस नंबरची बस आता कुठून सुटते म्हणालात?" एका बाईचा आवाज. ती निवृत्त कंडक्टरीण होती. तिला "म्हणालात"चा "लात" लांबवायची लकब मी दिली होती, नीट आठवतंय, संध्याकाळी पाचच्या चहाबरोबर.

मेहुणीने बस सांगितली. फोन ठेवला, लगेच दुसरा. मग तिसरा. तिने गाणं लावलं, माइक बंद केला, तांबडा दिवा विझला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागे काही ऐकू आलं?"

"नाही."

"तेच. कोणाच्याच मागे काही नसतं. पंखा नाही, भांडं नाही, रस्ता नाही. काल एकीला विचारलं, खिडकीतून काय दिसतं हो तुमच्या? तर म्हणाली, खिडकी कुठाय, खुर्ची आहे. तक्रार नव्हती हं. नुसतं सांगितलं." तिने दुसऱ्या गाण्याची तबकडी पुसली, परत पुसली. "या शहरात इतकी एकटी माणसं राहतात, भावोजी?"

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. टेबल, फॉर्म, कुकर, सगळं. सोमवारच्या आत गठ्ठा मागून घेतो आणि फाडून टाकतो, म्हणालो.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "एवढं कौतुक खऱ्या माणसांना जमत नाही." "फाडलेत तर टायर येतील. ते येऊ देत एक वेळ. पण ही माणसं कुठे जातील?"

"माणसं नाहीत गं ती. माझा आळस आहे तो."

"असेल. पण मी त्यांची वाट बघायला लागलेय."

फोन वाजला. सव्वादोन नुकतेच होऊन गेले होते. आधी नुसत्या धापा ऐकू आल्या, आणि धापांच्या मागे ती शांतता, खुर्ची-रेडिओखेरीज अजून काहीच न ठेवलेल्या खोलीची.

"घड्याळजी बोलतोय," आवाज आला. "ते फॉर्मवाले साहेब बसलेत ना तिथे?"

मेहुणीने बोट ओठांवर ठेवलं. पण समोरचा थांबूनच राहिला, तेव्हा मी "बोला" म्हणालो.

"फाडणार म्हणे तुम्ही."

मी तांबड्या दिव्याकडे पाहिलं. विझलेलाच होता. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण सांगणार? आत्ताच कानावर पडलं. आम्ही ऐकतो हो. दोन ते तीन दुसरं कामच काय आम्हाला?"

मेहुणीची खुर्ची कधी माझ्या खुर्चीला येऊन चिकटली, ते मला कळलं नाही.

"फाडा, नका फाडू, आम्ही कोण सांगणारे," तो पुढे म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. "तीननंतर काय असतं ते आम्हाला ठाऊक नाही. बाई 'उद्या भेटू' म्हणतात, आणि लगेच उद्याचे दोन वाजलेले असतात. मधलं काही लागतच नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली असं लिहिलंत तुम्ही, पण असं घड्याळ मी पाहिलं नव्हतं."

"मग तुम्हाला काय हवंय माझ्याकडून?"

मला वाटलं, खिडकी मागेल. सोबत मागेल. उरलेले तेवीस तास मागेल. त्या फॉर्मवर जागा दोन ओळींची होती, आणि मी मनातल्या मनात अक्षर बारीक करायला लागलो. मेहुणीने टेबलावरची पेन्सिल माझ्या हातात दिली.

"मागू का? रागावणार नाही ना साहेब?"

"नाही. मागा."

"गुडघे दुखतात असं लिहिलंत, कबूल. चौथा मजला लिहिलात, तोही कबूल. पण लिफ्ट लिहायची राहिली हो. दोन वाजता मी रोज जिन्याच्या पायथ्याशीच असतो. वर पोचेपर्यंत सव्वादोन होतात, आणि बाईंच्या सापडलेल्या छत्र्या तेवढ्या हुकतात. पेन्सिल हातात आहेच, तर जरा तळमजला करता का?"